गॅरेजमधली चकचकीत फरशी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला माझ्या वडिलांची किळस यायची.

राग नव्हता. वाटणीवरून बोलाचाली झालेली नव्हती, मनात जुनी अढी नव्हती. फक्त किळस. तोंडात घास असताना ताटात केस दिसावा आणि पोटातून काहीतरी वर यावं, तशी. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून सोनगीरचा किल्ला दाखवला, त्या माणसाची. हे एक वाक्य कागदावर उतरायला मला चार उन्हाळे लागले. आजही लिहून झाल्यावर मी उठलो, दोन्ही हात साबणाने धुतले आणि परत येऊन बसलो.

बाहेर मे महिना आहे. जळगावचा मे म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. सकाळी नऊलाच डांबर चपलेला धरायला लागतं. रिक्षावाले तोंडाला ओला रुमाल बांधून बसतात. कूलरमधल्या ओल्या गवताचा कुबट वास घरभर फिरतो, आणि गच्च्यांवर बायकांनी घातलेल्या बिबड्यांचा, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीच्या पापडांचा, आंबूस वास वरून खाली उतरतो. लहानपणी या वासाने तोंडाला पाणी सुटायचं. आता मळमळतं.

अशा या महिन्यात आमच्या गॅरेजचं शटर वर आहे, गाडी रस्त्यावर कडुनिंबाखाली आहे, ओट्याला लागून नव्या टाइलचे खोके रचलेत, आणि आत एक मिस्तरी छिन्नी-हातोडा घेऊन जुनी फरशी फोडतोय. सुनंदानेच विषय काढला. सुनंदा म्हणजे माझी बायको. मागच्या महिन्यात गॅरेजमधून बादली नेताना तिचा पाय सटकला. पडली नाही, शटरची कड धरली. संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, ती फरशी काढून टाका. एकाचं झालं तेवढं पुरे."

ती एवढंच म्हणाली. पुढे मेथीच्या काड्या मोडत राहिली. मी वर्तमानपत्र उलटं-सुलटं केलं.

चार वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा असाच होता. त्याच्या आधी, थंडी संपता संपता, नानांचं डावं अंग गेलं. नाना म्हणजे माझे वडील. सोनगीरजवळच्या आमच्या खेड्यात एकटेच राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. अक्का, माझी मोठी बहीण, सोनगीरलाच दिलेली. ती डबा पाठवायची. पण अर्धं अंग गेलेला माणूस डब्यावर राहत नाही. धुळ्याच्या दवाखान्यातून मी त्यांना सरळ जळगावला आणलं. गाडीत मागच्या सीटवर त्यांचं डोकं सुनंदाच्या मांडीवर होतं. मी पुढे. काच खाली करून, तोंडाने श्वास घेत.

त्यांना हॉलमध्ये ठेवलं. लोखंडी खाट, शेजारी तांब्या, खाली राखेचं टोपलं. नानांनी जन्मभर तंबाखू खाल्ली होती, ती सुटली नाही. आता थुंकी अर्धी टोपल्यात, अर्धी हनुवटीवर. तोंडाची डावी बाजू लोंबलेली, तिथे घास साठून राहायचा. दुपारचं वरण संध्याकाळी गालात सापडायचं. सुनंदा बोट घालून काढायची. काढता काढता त्यांच्याशी बोलायची, "नाना, आज काय दडवलंय? दाखवा बघू." आणि नाना उजव्या बाजूने हसायचे. मी ते दारातून बघायचो आणि जेवण सोडायचो.

धोतर भिजायचं. दिवसातून तीन-चारदा. तो वास पडद्यांत गेला, सोफ्यात गेला. मी कारखान्यात पाइप तपासण्याच्या खात्यात आहे. कुठल्या पाइपातून थेंबभर पाणी झिरपलं तरी तो बाजूला काढायचा, एवढंच माझं काम. पंचवीस वर्षं तेच केल्यावर घरात झिरपणारा माणूस नजरेला कसा खुपत असेल, असं मी स्वतःला समजावत असे. आता लिहिताना दिसतं की हे समजावणंही घाणच होतं.

एकदा मी औषध द्यायला वाकलो. श्वास रोखून धरला होता. नानांनी गोळी घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि अहिराणीत विचारलं, "वास येस का रे?"

मी म्हटलं, "नाही नाना. कसला वास?"

पण त्या दिवसापासून मी खाटेजवळ गेलो की ते उजव्या हाताने उपरण्याचं टोक तोंडावर धरायचे. बाईने पदर धरावा तसं. त्यांना वाटायचं, मला त्रास नको. आणि मी, देवा, मी त्यामुळे खरंच सुटकेचा श्वास टाकायचो.

मग एक दिवस कारखान्यातले वरिष्ठ घरी आले, सहज, बायकोला घेऊन. चहा झाला. मध्येच नानांना ठसका लागला, घशातलं सगळं वर आलं. पाहुण्यांनी कप अर्धाच खाली ठेवला आणि "निघतो, ऊन वाढेल" म्हणाले. तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. त्या अर्ध्या कपावर धरलेली साय मला अजून दिसते. त्याच दुपारी मी सुनंदाला म्हटलं, "नानांना खाली गॅरेजमध्ये मोकळं वाटेल. पायऱ्या नाहीत, शटर उघडलं की वारा, रस्त्यावरची माणसं दिसतील. करमेल त्यांना."

सुनंदा म्हणाली, "गॅरेज? आणि गाडी?"

"गाडी राहील बाहेर."

"बाहेर उन्हात?" आणि मग, "करा. पण खाली जमीन खरखरीत घ्या हो. एका पायावर चालतात ते."

आमच्या घराला सहा पायऱ्या आहेत. त्या सहा पायऱ्या मी कॉलनीतल्या प्रत्येकाला मोजून सांगितल्या. लोक म्हणाले, बापासाठी गाडी उन्हात काढली, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.

फरशीच्या दुकानात मी एकटाच गेलो. सुनंदाला मुद्दामच नेलं नाही. दुकानात एसी होता, भिंतीभर फरश्या उभ्या होत्या, आणि विकणारा मुलगा शर्टाची बाही दुमडून तयार. पार्किंगसाठी म्हणून त्याने आधी जाड, खरबरीत, खाचांच्या टाइल काढल्या. "गाडी फिरवा, पाणी टाका, माणूस घसरणार नाही." मी त्या खाचांवरून बोट फिरवलं. मला त्यात काय काय अडकून बसेल ते दिसलं. थुंकी. वरण. पिवळं पाणी. दात कोरतात तशा त्या खाचा कुणीतरी रोज कोरायच्या.

"दुसरं दाखवा. साफ करायला सोपं."

मग त्याने पांढरी, आरशासारखी टाइल आडवी ठेवली, आपला चहाचा कप उचलला आणि उरलेला चहा तिच्यावर ओतला. चहा पसरला, थरथरला. मुलाने एक मळका फडका एकदाच फिरवला. "बघा. काही राहिलं?"

काही राहिलं नव्हतं. माझाच चेहरा राहिला होता, वरून ट्यूबलाइट. मी म्हटलं, हीच.

दुकानात उभं राहून मी बापाला मनातल्या मनात पुसून टाकत होतो. हे शब्द तेव्हा सुचले नव्हते. सुचले असते तरी मी हीच घेतली असती.

मिस्तरी होते नशिराबादचे. भिकन मिस्तरी. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या घरांच्या फरश्या त्यांच्या हातच्या. बारीक, काटक माणूस, कानावर पेन्सिल. फरशी बसवून झाली की रबरी हातोडीच्या दांड्याने प्रत्येक फरशी वाजवायचे आणि कान लावायचे, खाली कुठे पोकळी राहिली का बघायला. बोदा आवाज आला की उचलून पुन्हा बसवणार, मालकाला कळलं नसतं तरी. त्यांनी खोका उघडला, फरशी हातात घेतली, तिरकी धरून उन्हात चमकवली.

"साहेब, ही हॉलची. गॅरेजची कुठे शे?"

"हीच."

"गाडीसाठी? चाकाचं तेल सांडलं तर तुम्हीच आपटसान. खरबरीत घ्या. दुकानदार बदलून देतो, मी बोलतो त्याच्याशी."

"मला चकचकीत आवडते."

त्यांनी आत बघितलं. कोपऱ्यात प्लंबरने नुकताच छोटा संडास आणि मोरी काढली होती. भिंतीला धरायला दांडा लावला होता. मिस्तरी माझ्याकडे वळले, गालातल्या गालात हसत म्हणाले, "साहेब, तुमची गाडी संडासला जाते का?"

मी म्हटलं, "ड्रायव्हरसाठी आहे."

आमच्याकडे ड्रायव्हर कधीच नव्हता. हे कॉलनीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. आणि वर हॉलमध्ये नाना खोकत होते, तो आवाज खिडकीतून सरळ खाली येत होता. मिस्तरींनी एकदा वर बघितलं, मग फरशीकडे, मग मुकाट्याने पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल धरायला लागले. बापाला गाडीच्या जागी ठेवतोय, हे एका मिस्तरीसमोर म्हणायची मला लाज वाटली. ठेवायची वाटली नाही.

काम चार दिवस चाललं. शेवटच्या दिवशी मी कारखान्यातून आलो तर मोरीपासून खाटेच्या जागेपर्यंत चार फरश्या वेगळ्या दिसल्या. राखाडी, खरबरीत. दुसऱ्या कामावरून उरलेल्या, त्यांनी स्वतःच्या गाडीवर आणलेल्या.

"हे काय मिस्तरी?"

"ड्रायव्हर मोरीतून ओल्या पायाने येईल ना साहेब," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "म्हातारा ड्रायव्हर असला तर."

त्यांनी मला एक वाट करून दिली होती. लाज न घालवता हो म्हणायची. एवढी सभ्यता मी पुढे कुणात पाहिली नाही. मी काय केलं? म्हटलं, "ठिगळ लावल्यासारखं दिसतं. काढा त्या." फरशीखालचा माल अजून ओला होता. त्यांनी चारही फरश्या थापीने उचलल्या, पाठी धुतल्या, रचून बाजूला ठेवल्या आणि चकचकीत चार बसवल्या. जाताना म्हणाले, "मी सांगितलं होतं, एवढं लक्षात असू द्या साहेब."

सुनंदाला मी सांगितलं, दुकानात तेवढीच शिल्लक होती.

नानांना खाली आणलं. मला भीती होती की ते बघतील शटर, भिंतीवर तेलाचे डाग, गाडीच्या टायरची जुनी रेघ, आणि विचारतील. त्यांनी पाय फरशीवर टेकवला आणि खाली बघतच राहिले.

"तोंड दिसस रे हाई फरशीमा!"

त्या माणसाने सगळा जन्म शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि ओबडधोबड शहाबादीवर काढला होता. गावाकडून कुणी भेटायला आलं की तेच. उपरणं तोंडावर धरून, फरशीकडे काठी दाखवून, "मना पोऱ्यानी मनासाठे आरसासारखी फरशी लायी." माणसं खाली वाकून आपापली तोंडं बघायची, हसायची. मी शेजारी उभा असायचो, पायात चपला, हाताची घडी.

आणि एक घाणेरडी सोय मला त्या फरशीने दिली, ती आत्तापर्यंत माझ्या एकट्याकडे होती. नानांकडे सरळ बघायची गरज उरली नाही. ते काय करतात ते फरशीत उलटं दिसायचं. मी त्यांच्याशी बोलताना फरशीकडे बघून बोलायचो. फरशीतल्या नानांना वास नव्हता.

आता पाण्याचं सांगतो.

आमच्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीवर पाणी मारतात. अंगणात सडा घालतात तसं नव्हे, घरात. शहाबादीवर दोन तांबे ओतायचे, हाताने पसरायचे, सदरा काढायचा आणि ओल्या जमिनीवर उघड्या पाठीने आडवं व्हायचं. शहाबादी ते पाणी पिते, पाठ थंड होते, डोळा लागतो. नाना हे सत्तर वर्षं करत आले होते. कूलर त्यांना आवडायचा नाही, म्हणायचे यंत्राच्या वाऱ्याने अंग आखडतं. वर हॉलमध्येही त्यांनी एकदा खाटेवरूनच तांब्या कलता करून गालिचा भिजवला होता आणि मी ओरडलो होतो. मला माहीत होतं. गॅरेजमध्ये पत्र्याचं शटर, पश्चिमेचं ऊन, आणि हा माणूस दुपारी पाणी मारणार, हे मला पूर्ण माहीत होतं. मिस्तरींना माहीत नव्हतं आणि तरी त्यांनी चार फरश्या आणल्या.

वैशाखातली दुपार. सुनंदा वर जेवणाची भांडी आवरत होती. मी सुट्टीवर, कूलरसमोर. खालून तांब्या पडल्याचा आवाज आला. पितळेचा, गोल गोल फिरत जाणारा, बराच वेळ. त्याआधी दुसरा एक आवाज आला होता, जड, ओला. मी तो ऐकला होता आणि उठलो नव्हतो. वाटलं, पुन्हा काहीतरी घाण झाली असेल, सुनंदा बघेल.

सुनंदाच धावली. मी गेलो तेव्हा नाना मोरी आणि खाटेच्या मधे पडले होते, त्याच चार फरश्यांवर. तांब्याभर पाणी आणि त्यांची लघवी एकत्र पसरली होती, त्या पांढऱ्यावर पिवळी नकाशासारखी. फरशी काहीच पीत नव्हती. उजवा पाय भलतीकडे वळलेला. चांगला पाय. सुनंदा गुडघ्यांवर बसून त्यांचं डोकं धरून होती, तिची साडी त्या पाण्यात भिजलेली. म्हणाली, "धरा ना!" आणि मी, हे लिहायलाच हवं, मी आधी पायजमा वर खोचला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी अक्का सोनगीरहून आली. दवाखान्यात बापाला बघून घरी अंघोळीला आली ती आधी गॅरेजमध्ये शिरली. अक्काचा आवाज शेतात या टोकापासून त्या टोकाला जाणारा.

"कोनी लायी रे हाई फरशी? अक्कल शे का नही त्याले?"

सुनंदा दवाखान्यात होती. शेजारचे दोघे-तिघे चौकशीला आलेले, शटरपाशी उभे. सगळे माझ्याकडे बघत होते. मी फार विचार केला असं नाही. खोटं बोलायला विचार लागत नाही, ते तोंडातच असतं, थुंकीसारखं.

"मी खरबरीत सांगितली होती अक्का. मिस्तरीने ही आणून बसवली."

"बलाव त्याले."

मी बोलावलं नसतं. शेजाऱ्याने फोन लावला. भिकन मिस्तरी अर्ध्या तासात आले, हातात शहाळं. त्यांना वाटलं होतं, म्हातारा पडला म्हणून भेटायला बोलावलंय. आत पाऊल टाकलं आणि अक्का सुरू झाली. "मना बापनं हाड मोडं तुनामुये! तुना घरमा म्हातारं मानूस नही का? आरसा लावस जमीनले?"

मिस्तरींनी शहाळं भिंतीपाशी ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, सांगा ना."

मी फरशीकडे बघत होतो.

"साहेब. सांगा ना यांना."

"मी खरबरीतच सांगितली होती," मी म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. मी ताटातला केस बघायचो, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेवढंच. मग खाली वाकून त्या चारातल्या एका फरशीवर बोटाच्या पेराने टकटक केली, जणू कामातच काही राहिलं का ते बघतायत, आणि निघून गेले. शेजारच्या काकांच्या स्वयंपाकघराचं काम त्यांनी धरलं होतं. संध्याकाळी काकांनी मला अभिमानाने सांगितलं, "मी त्याला नाही म्हणून कळवलं. अशा माणसाला दारात उभं करायचं नाही."

दवाखान्यात नानांच्या कानावर हे गेलं. अक्का दूध गरम करायला बाहेर गेली तसा त्यांनी मला जवळ बोलावलं. उपरणं तोंडावर धरायला हात मोकळा नव्हता, सुई लावलेली.

"मिस्तरीले कसाले बोलनात? पानी मीच टाकं व्हतं."

"बरं नाना."

थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "फरशी तं तूच पसंत करी ना रे? मनासाठे?"

अक्का त्यांना सांगून गेली होती की फरशी मिस्तरीने परस्पर बसवली. त्यांना हाडाचं दुःख नव्हतं, याचं होतं. ती फरशी पोराने निवडली नाही, हे त्यांना नको होतं.

"हो नाना. मीच निवडली."

ते उजव्या बाजूने हसले. अख्ख्या जगात तेवढ्या एका माणसाशी मी खरं बोललो, आणि त्याने ते माया म्हणून घेतलं. नुसतं कशासाठी निवडली तेवढं सांगायचं राहिलं, आणि त्या चेहऱ्यासमोर ते सांगता येणं शक्य नव्हतं. अक्का दूध घेऊन आली. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

नाना पुन्हा उठले नाहीत. भाद्रपदात गेले, त्याच गॅरेजमध्ये. शेवटचे महिने पाठीला जखमा झाल्या, त्यांचा वास वेगळाच. सुनंदाने सगळं केलं. लोक दहाव्याला मला म्हणाले, फार केलंत तुम्ही बापाचं.

माणूस जातो तशी त्याची किळसही जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही, जागा बदलली. दाढी करताना आरशात स्वतःच्या तोंडाची डावी बाजू बघतो. उशीवर ओल आली की दचकतो. सुनंदा माझ्या ताटातलं उष्टं सहज खाते, तेव्हा मला ओरडावंसं वाटतं की खाऊ नको.

आणि अक्का. अक्का लग्नात, साखरपुड्यात, कुणाच्या घराच्या वास्तुशांतीला, जिथे नवी फरशी दिसेल तिथे तो किस्सा सांगते. आमच्यात गोष्ट सोनगीरला निघाली की आठवड्यात नशिराबादला पोचते. मध्ये सगळे सोयरेच. "नशिराबादना भिकन मिस्तरी. मना बाप खादा त्यानी." माझ्यासमोर चारदा तरी म्हणाली असेल. मी चारही वेळा पाणी प्यायलो.

आत्ता खाली चालू असलेलं काम काल अडलं. नव्या मिस्तरीने मला हाक मारली. घामाने थबथबलेला, छिन्नीची धार गेलेली. "साहेब, ही कोणी बसवली हो? नुसत्या ठोकल्यावर या फरश्या निघतात, खाली पोकळी असतेच कुठेतरी. ही एकही सुटून नाही राह्यली. तुकडे तुकडे करून काढावी लागते. असा हात जळगावात कोणाचा?"

मी नाव सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा ते नाव माझ्या तोंडून निघालं.

तो छिन्नी बाजूला ठेवून खोक्यावर बसला. "भिकनभाऊ? ते आता हे काम नाही करत. कोण्या म्हाताऱ्याचं हाड मोडलं म्हणे त्यांच्या फरशीवरून, माणसं तुटली. सावद्याकडे केळीच्या ट्रका भरायला जातात." आणि मग खाली बघत, स्वतःशीच, "यात काय चूक होती पण? फरशी तं जागची हलत नाही."

मी वर आलो आणि बेसिनवर साबणाने हात धुवत राहिलो.

नवी फरशी यावेळी सुनंदाने निवडली, राखाडी, जाड, खाचांची. दुकानातल्या मुलाने तिच्यासमोरही चकचकीत फरशीवर चहा ओतून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, चहा पुसायला मी आहे. पडलेलं माणूस कोण उचलणार?" मी मान फिरवली. आता कुणी गॅरेजमध्ये पडणार नाही. त्याने काय होतं? ज्याला या खरबरीत फरशीची गरज होती तो गेला, आणि ज्याने ती सुचवली तो माणूस आज पाठीवर केळीचे घड वाहतो. वय माझ्याएवढंच असेल.

मागच्या पावसाळ्यानंतर मी एकदा नशिराबादला गेलो होतो. स्कूटरवर, अक्काला न कळवता. फाट्यावर चहा प्यायलो. नाव न घेता, फरशीवाल्या मिस्तरींचं घर कुठे ते विचारलंही. चहावाल्याने हात करून दाखवलं, "ते निळं दार." निळं दार तिथून दिसत होतं. बाहेर वाळत घातलेला सदरा होता, खांद्याला केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला. केळीचा चीक धुतल्याने जात नाही, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. मी पुढे काही न विचारता कप ठेवला आणि स्कूटर जळगावकडे वळवली.

हे लिहिलं म्हणून काही फिटलं, असं मी स्वतःला सांगणार नाही. अनोळखी वाचकांपुढे गुडघे टेकणं सोपं आहे. त्यांच्यातलं कुणी माझ्यामुळे ट्रक भरत नाही. भिकन मिस्तरी हे वाचणार नाहीत, अक्काही वाचणार नाही. सुनंदाला हे कागद आज दुपारी वाचून दाखवीन. तिला कदाचित सगळं ठाऊकही असेल, मेथी निवडता निवडताच ठाऊक झालं असेल. पण तिला सांगणं म्हणजे घरातल्या घरात बोलणं झालं.

भिकन मिस्तरींचं मी जे देणं लागतो ते असं: सोनगीरला जाऊन अक्काला गाडीत बसवायचं, नशिराबादला त्यांच्या दारात उभं राहायचं, आणि आजूबाजूच्या घरांत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं की खरबरीत फरशी तुम्ही सांगितली होती, चार तर आणून बसवल्याही होत्या, मी त्या काढायला लावल्या, आणि नंतर खोटं बोललो. ते मी अजून केलेलं नाही.